निळ्या दोरीच्या गाठी

शारजा
९ नोव्हेंबर १९९७

बाय अ‍ॅग्नेस,

तुला नि तुझ्या माहेरच्या सगळ्यांना या म्हातारीचे आशीर्वाद. मी सुखरूप पोचले. माझ्या बर्नार्डने नंदाखालला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा तुझ्या बहिणीने, टेसाने उचलला आणि तिन्ही वेळा तू आंघोळीला गेली होतीस. एवढी आंघोळ बरी नव्हे, सर्दी होते. म्हणून म्हटलं, फोन राहू दे, कागद घेऊ. कागद काही आंघोळीला जात नाही. मी चौथी शिकलेली, चुकलंमाकलं सांभाळून घे.

बाय, विमान म्हणजे काय सांगू! मला वाटलं होतं पोटात ढवळेल, पण मी आपली खिडकीला नाक लावून बसले ती उतरेपर्यंत. शेजारचा मल्याळी बाप्या माझ्या लुगड्याकडे बघत होता, त्याला मी आपल्या वाडीतल्या केळ्यांची सुकेळी दिली. म्हणाला, व्हेरी स्वीट, व्हेरी स्वीट, आणि दुसरी मागितली. दिली. तुझ्या नवऱ्यासाठी आणलेल्या पुड्यातली गेली, पण परक्या माणसाने मागून खाल्ली की पुण्य लागतं.

इथे शुक्रवारचा रविवार. चर्चमध्ये एवढी माणसं की आपली भुईगावची जत्रा. आणि नारळ दोन दिरामला एक! म्हणजे वीस रुपये! मी दुकानदाराला सांगितलं, माझ्या वाडीत ये, फुकट नेतोस का दहा. त्याला मराठी येत नव्हतं, तरी हसला.

तुझ्या पोराला जाऊन तीन महिने नाही झाले आणि ही म्हातारी मजा सांगते, असं मनात आणू नकोस. माझा स्वभावच मेला असला. नवीन काही दिसलं की मला आनंद होतो, आणि लगेच लाज वाटते. आत्म्यांच्या दिवशी आपण दोघींनी व्हर्ननच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या, तू एक शब्द बोलली नाहीस. मी पण त्या दिवशी गप्प होते, आठवतं ना? म्हणजे मला कळतं. फक्त फार वेळ गप्प बसता येत नाही.

बर्नार्ड वाळलाय. तू शवपेटीबरोबर गावी आलीस ती आलीसच, तो कामासाठी एकटा परत गेला, त्याला बघायला कोण होतं? फ्रिजमध्ये अंडी नि पाव. हमरियाहून कामावरून येतो, चहा घेतो आणि मागच्या अंगणात जातो. तिथे ताडपत्रीखाली एक काळं जुनं धूड आहे, त्याच्याशी ठाकठूक करत बसतो. मी म्हणते करू दे. ठाकठूक ऐकू आली की वाटतं, घरात माणूस आहे.

एक गोष्ट तो तुला सांगणार नाही म्हणून मी सांगते. सहा महिने बाहेर राहिलं तर तुझा इथला व्हिसा खलास होतो म्हणे. म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत यायला हवं. मग तू ठरव. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे.

तुझी सासू,
इसबेल

*

नंदाखाल
२४ नोव्हेंबर १९९७

आई,

पत्र मिळालं. तुम्ही नीट पोचलात, बरं झालं. गोळ्या जेवणानंतर घ्या, आधी नको.

ताडपत्रीखालचं धूड मी ओळखते. ती फोर्ड आहे, १९३४ची. व्हर्ननने एका अरबाच्या मळ्यातून आणली होती, तिच्यात कोंबड्या राहायच्या. त्याची ‘हॉट रॉड’. बापलेक त्या पत्र्यापुढे जेवायचं विसरायचे आणि मी दोन ताटं झाकून बसायचे.

तुमचा मुलगा तुम्हांला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. त्या गुरुवारी माझा मुलगा फुजैऱ्याला का गेला होता? तिथे कुणाच्या तरी विहिरीच्या पंपाला जुन्या फोर्डचं इंजिन लावलेलं होतं, ते आणायला. मी म्हटलं होतं, थांबा, उद्या दोघं मिळून जा. हे म्हणाले, “जाऊ दे गं, वीस वर्षांचा आहे तो.” परत येताना डोंगरात पिकअप उलटला. इंजिनाला ओरखडासुद्धा नाही.

आता विचारा, गाडीत कुठलं इंजिन बसवताहेत.

त्या गाडीबद्दल मला काही लिहू नका. मी येणार नाही. माझी खोली झाडायची गरज नाही.

अ‍ॅग्नेस

*

शारजा
८ डिसेंबर १९९७

बाय अ‍ॅग्नेस,

तुझं पत्र वाचलं. मला हे माहीत नव्हतं गं. मला सांगितलं होतं, मित्राकडे गेला होता.

तू म्हणालीस गाडीचं लिहू नका, तर नाही लिहीत. इथे थंडी पडली आहे. थंडी म्हणजे आपली गुलाबी नव्हे, नुसतीच सुकी. ओठ फुटतात. समोरच्या बिल्डिंगीतली बाई मला तिच्या लिफ्टमधून उगाच वर-खाली फिरवून आणते, तिला वाटतं मला भीती वाटेल. मी म्हटलं, आणखी एकदा. मासळीबाजारात सुरमई केवढी, माझ्या मांडीएवढी...

बाय, मी आता पानभर मासळीचं लिहिणार होते, पण माझ्याने खोटं लिहवत नाही. मी त्याला विचारलं.

तो गाडीखाली होता, पाय तेवढे बाहेर. तोंड दिसत नाही तेव्हा विचारलेलं बरं. म्हटलं, बर्नार्ड, हे इंजिन तेच का? ठाकठूक थांबली. मग खालूनच म्हणाला, “आई, तो हे आणायला गेला होता. त्याने आणलं. आता मी काय करू, टाकून देऊ?”

याचं उत्तर तुला आलं तर कळव.

तुझा राग मी खोटा म्हणत नाही. पोर पोटातून काढलंस तू. पण मी पण एक पोर काढलंय, आणि ते गाडीखाली झोपून बोलतंय. मी दोन्हीकडून मधे.

आता एवढं लिहिलंच आहे तर थोडं आणखी सांगते, नको असेल तर पुढचं वाचू नकोस. ही हाट राड म्हणजे उलटाच संसार. लोक गाडीला शोभा लावतात, हे काढतात. चाकांवरचे मडगार्ड काढून टाकले, बंपर काढला. चाकं अशी उघडी, जशी धोतर वर खोचलेल्या माणसाची ढोपरं. मी म्हटलं, चिखल उडेल. तर तो पठाण हसून म्हणतो, “अम्माजी, शारजा में चिखल किधर?” पठाण म्हणजे हमदुल्ला, गॅरेजात डेंटर आहे, वाकलेला पत्रा ठोकून सरळ करतो. शुक्रवारी नमाज झाली की येतो, वेल्डिंग करतो, पैसे घेत नाही, चहा घेतो. माझा चहा पिऊन म्हणाला, “अम्माजी, चाय में शक्कर डाला या शक्कर में चाय?” तरी तीन कप प्यायला.

आणि सगळ्यात नवल म्हणजे टप. गाडीचं छप्पर गं. ते चारी खांबांतून मधेच कापायचं, तेवढा तुकडा फेकून द्यायचा आणि वरचा भाग खाली आणून परत जोडायचा. गाडी बुटकी दिसली पाहिजे, म्हणजे दबा धरून बसलेल्या बोक्यासारखी. नवं काही लावायचं नाही, सगळं जुनंच, जुन्याच रीतीने. व्हर्ननच्या अमेरिकेच्या मासिकांत तसं आहे म्हणे. ती मासिकं त्याने गादीखाली ठेवलेली, अजून तिथेच आहेत, मी हलवली नाहीत. टप अजून कापलेला नाही. ते शेवटी.

झालं. संपलं. नाताळला तरी फोनवर ये.

तुझी सासू,
इसबेल

*

शारजा
२७ डिसेंबर १९९७

बाय अ‍ॅग्नेस,

तुझं पत्र नाही आलं. फोनवर टेसा म्हणाली, तू मिस्साला गेलीस. बरं केलंस.

माझ्याकडून काहीतरी झालंय आणि काय झालंय तेच मला कळत नाही. तुला सांगते, तू शहाणी आहेस.

दुखवट्याचं वर्ष आहे, नाताळ करायचा नाही हे मला माहीत आहे. गोड केलं नाही. पिठाचे फुगे फक्त चार तळले, ते पण हमदुल्लाला. पण चोवीस तारखेला सांजेला समोरच्या बिल्डिंगीत तारे लागले. कागदाचे, आत दिवा असलेले. व्हर्नन लहान असताना भुईगावला आला होता तेव्हा बावखलाच्या पाण्याकाठी आपल्या आंब्यावर तारा लावायला त्याने मला वर चढवलं होतं, आठवतं? मला, लुगड्यात! मला वाटलं, एक तारा लावू. पोराने वरून बघितलं तर अंधार दिसायला नको.

तारा माळ्यावर मिळाला, तुम्ही जपून ठेवलेला. बांधायला काही मिळेना. अंगणात बर्नार्डच्या हत्यारांवर एका खिळ्याला निळी नायलॉनची दोरी लोंबत होती, पार्सलाला बांधतात तसली. तिला मधे मधे गाठी होत्या. गाठीची दोरी कडीतून जाईना, म्हणून मी बसून एकेक गाठ सोडवली. घट्ट होत्या मेल्या, दातांनी सोडवल्या. माझे खरे दात आता किती उरलेत, पण जमलं. तारा बांधला, दिवा लावला, इतका सुरेख दिसला बाय, की मी एकटीच टाळी वाजवली.

बर्नार्ड आला. ताऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आवडलं. मग अंगणात गेला. खिळ्याकडे बघितलं, परत ताऱ्याकडे बघितलं. स्टुलावर चढला, दोरी हातात घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली, जसे आपण रोझरीचे मणी फिरवतो. म्हणाला, “आई, यात गाठी होत्या.” मी म्हटलं, सोडवल्या रे, सरळ केली, बघ कशी नवी झाली.

अ‍ॅग्नेस, माझा मुलगा स्टुलावर बसला आणि त्याने तोंड हातांत घेतलं.

तेव्हापासून गाडीला हात लावलेला नाही. ताडपत्री टाकली. हमदुल्ला काल टप कापायला मशीन घेऊन आला तर त्याला म्हणाला, खलास, राहू दे. जेवत नाही. माझ्यावर ओरडला असता तर बरं होतं. मी नवीन दोरी आणून दिली, जाड, चांगली. त्याने घेतली आणि ‘थँक्यू आई’ म्हणाला. एका दोरीपायी माणूस असं करतो का गं?

तुझी सासू,
इसबेल

*

नंदाखाल
६ जानेवारी १९९८

आई,

तुमचं पत्र काल आलं. मी ते घेऊन वाडीत जाऊन बसले. टेसा जेवायला हाका मारत होती, मला ऐकू येत होतं, पण उठवत नव्हतं.

बाबा बैलगाड्या करायचे तेव्हा माप कसं घ्यायचे? तुम्ही चाळीस वर्षं त्यांच्या घरात होतात. यांनीच मला सांगितलेलं, लग्नानंतर, मोठ्या अभिमानाने. कागद भिजतो, डोकं विसरतं, सुतळीची गाठ राहते. बैलाच्या खांद्याला एक गाठ, पुठ्ठ्याला एक.

जुलै महिन्यात, एका शुक्रवारी, तसंच माप घेतलं. सुतळी नव्हती म्हणून निळी दोरी. व्हर्ननला तेलाच्या डब्यावर बसवलं. बुडापासून माथ्यापर्यंत एक गाठ, म्हणजे टप कुठे कापायचा ते कळावं. मांडीची एक, गुडघ्यापासून टाचेपर्यंत एक, हाताची एक. तो सारखा हसत होता, हे त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणत होते, “ताठ बस, नाहीतर जन्मभर वाकून चालवशील.” मी दारात उभी होते. माझ्या हातात पापलेटचा ट्रे होता.

आई, तुम्ही सोडवलीत ती दोरी नव्हती. त्याच्या अंगाचं माप घरात तेवढंच उरलं होतं.

मी हे रागाने लिहीत नाही. तुम्हांला कुणी सांगितलं नाही. आम्ही दोघं कधी कुणाला काही सांगत नाही.

अ‍ॅग्नेस

*

शारजा
१४ जानेवारी १९९८

बाय अ‍ॅग्नेस,

आज मासळीबाजार नाही, लिफ्ट नाही, काही नाही.

मी सुताराची बायको. घरात दाराआड सुतळ्या लोंबायच्या, मी पोरांना मारायचे, हात लावाल तर! आणि नायलॉनची दिसली तर ओळखली नाही. निळी होती म्हणून. सुतळीच्या रंगाची असती तर माझा हात गेला नसता. दातांनी सोडवली गं मी. ज्या दातांनी व्हर्ननला बाळपणी खारीक चावून द्यायचे त्याच दातांनी.

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, बर्नार्ड, मला अ‍ॅग्नेसने सांगितलं. तर तो एकदम वळून म्हणाला, “अ‍ॅग्नेसने पत्र लिहिलं? काय म्हणाली?” दोरीचं राहिलं बाजूला. मी म्हटलं, ती म्हणते, त्या दिवशी तिच्या हातात पापलेटचा ट्रे होता. तो हसला. नाताळनंतर पहिल्यांदा. म्हणाला, “जळले होते ते पापलेट. तिघांनी तसेच खाल्ले.”

मी म्हटलं, आता अंदाजाने काप ना. म्हणाला, अंदाजाने नाही कापणार. अंदाजाने कापली तर कुणाचीही गाडी होईल.

रात्रभर माझ्या मनात एकच. बाय, पोर तुझ्यावर गेला होता. आमच्याकडे सगळे ठेंगू, बर्नार्ड बघ, मी बघ. उंची तुमच्या नंदाखालची. चर्चमध्ये बाकावर तुम्ही पुढे बसायचात आणि मागून फादरसुद्धा फसायचे, पोरगा कुठला आणि आई कुठली. तुझी मांडी, तुझा हात, तुझी पाठ. त्याचं माप गेलेलं नाही, ते नंदाखालला चालतंय, फिरतंय, फोन आला की आंघोळीला जातंय.

मी तुला ये म्हणत नाही. ते म्हणायचं तोंड माझं राहिलं नाही. एक दोरी पाठव.

इसबेल

*

नंदाखाल
२३ जानेवारी १९९८

आई,

टेसाच्या ऑफिसातली विनिता रविवारी शारजाला परत जाते आहे, तिच्याबरोबर देते.

टेसाने मला धान्याच्या डब्यावर बसवून माप घेतलं. ती रडत होती, म्हणून दोनदा घ्यावं लागलं. सुतळी आहे, तुम्ही ओळखाल अशी. वरची गाठ बुडापासून माथ्यापर्यंत, बाकीच्या ओळीने. माझं आणि त्याचं माप जवळजवळ एकच होतं.

कुणाची आहे ते यांना सांगू नका. सांगा, बाबांच्या जुन्या सामानात मिळाली, काहीही सांगा.

अ‍ॅग्नेस

*

शारजा
३१ जानेवारी १९९८

बाय अ‍ॅग्नेस,

मी मंगळवारी येतेय, माझा व्हिसा संपला. समोर आले की आपण दोघी रडणार आणि सांगायचं राहून जाणार, म्हणून लिहून ठेवते. विमानतळावरून आधी नंदाखालला येईन, हे तुझ्या हातात देईन आणि चहा टाकायला आत जाईन. तोवर वाच.

मी त्याला काहीच सांगितलं नाही. तू खोटं सांगायला सांगितलंस, पण मला धड जमलं नसतं, म्हणून सुतळी नुसती खिळ्याला लावून ठेवली आणि कांदा कापायला बसले. तो आला. खिळ्याशी थांबला. सुतळी काढून बोटं फिरवली. मांडीच्या गाठीवर थांबला, हाताच्या गाठीवर थांबला, मग वरच्या गाठीवर अंगठा ठेवून कितीतरी वेळ उभा. मला वाटलं विचारेल, कुठून आली. तर म्हणाला, “आई, ही अ‍ॅग्नेस आहे.”

कसं ओळखलं ते मी विचारलं नाही. पंचवीस वर्षांचं लग्न आहे, ओळखेल नाहीतर काय.

काल शुक्रवार. हमदुल्ला आला, म्हणाला, “यल्ला, चलो अम्माजी, आज गाडी का हजामत.” मशीनचा आवाज असा की कबुतरं उडाली. टप कापला, उचलला. आता मधली पट्टी काढायच्या वेळी तुझ्या नवऱ्याने बघ काय केलं. सुतळी धरली, खूण केली आणि वर दोन बोटं ठेवून दुसरी खूण केली. मी बाजूलाच होते. म्हटलं, अरे, गाठ इथे आहे, तू दोन बोटं वर जोडतोयस, तुझा बाप असता तर कानाखाली दिली असती. हमदुल्ला पण म्हणाला, “भाई, डोरी तो नीचे है.” तर म्हणतो, “असू दे. बरोबर आहे.” बरोबर कसलं! एवढं माप मागवलं आणि शेवटी चुकवलंच. जोडून पण टाकलं. गेल्या वेळी दोरीत तोंड घातलं ते पुरे झालं.

मग सीट बसवली. बर्नार्ड चालवायला बसला आणि बाय, मी हसून हसून खाली बसले. पाय पोचतच नाहीत! ब्रेक तिकडे, हा इकडे, पाळण्यात बसल्यासारखा. हमदुल्ला तर आत मावेना, त्याची पगडी टपाला लागली. इंजिन मात्र चालू झालं. आधी खोकलं, मग घुमायला लागलं. विहिरीचं पाणी काढणारं इंजिन. फुजैऱ्याहून त्याने आणलेलं. आम्ही तिघं नुसते ऐकत राहिलो. बर्नार्डने ते लवकर बंद केलं नाही.

मी विचारलं, आता रस्त्यावर कधी? म्हणाला, कधीच नाही. मडगार्ड नाहीत, टप कापलेला, हिला ट्रॅफिकवाले पासिंग देणार नाहीत. व्हर्ननला पण माहीत होतं. मागच्या वाळूच्या मैदानात तेवढी फिरेल. मी म्हटलं, पण फिरवणार कोण? पाय पोचतात कुणाचे?

तो हात पुसत राहिला. मग फडका दुमडून सीटवर ठेवला. ये असं त्याने म्हटलेलं नाही, मी तुला उगाच सांगणार नाही. पण सीट पुढे-मागे सरकते तशी केलेली नाही. चारी बोल्ट घट्ट पिळले आहेत. ती तुझ्या मापावर आहे आणि हलणार नाही.

चहा झाला असेल. मला हाक मार.

इसबेल

*

शारजा
२३ फेब्रुवारी १९९८

आई,

मी शुक्रवारी पोचले. विमानतळावर शिक्का मारणाऱ्याने तारीख बघितली आणि म्हणाला, “मॅडम, पाच दिवस राहिले होते.” हे बाहेर उभे होते. गाडीत सिग्नलला यांनी माझी पर्स मागच्या सीटवर ठेवली, तेवढंच.

त्या दिवशी मी अंगणात गेले नाही. दुसऱ्या दिवशीपण नाही. काल हे कामावर गेल्यावर मी एकटीच गेले. ताडपत्री ओढली. मी तिला लाथ मारायची असं ठरवून गेले होते, तुम्हांला खरं सांगते. मारलीसुद्धा, चाकावर. लागलं मलाच.

मग दार उघडून आत बसले. पाय पोचले. हात पोचले. पाठ टेकली. सीट अशी होती जशी मी तिच्यावर वर्षानुवर्षं बसत आले. पण डोकं लागलं नाही. मी ताठ बसले, हात वर केला. माझ्या माथ्यावर दोन बोटं जागा मोकळी होती.

आई, तुम्ही म्हणालात माप चुकवलं. यांनी चुकवलेलं नाही. त्या जुलैच्या शुक्रवारी माप झाल्यावर व्हर्ननने मला ओढत आणलं, डब्यावर बसवलं आणि यांना म्हणाला, “डॅड, मेझर हर टू.” मी नाही म्हणत होते, हाताला मसाला होता. यांनी दोरी लावली. गाठ माझ्या डोक्यावरून दोन बोटं वर गेली. वर्षभरात तो माझ्यापुढे गेला होता. त्या दिवशी झोपेपर्यंत तो मला ‘शॉर्टी’ म्हणत होता. मला. आमच्या घरात मला कुणी कधी बुटकी म्हटलं नव्हतं.

ही गोष्ट मी विसरले होते. म्हणजे विसरले नव्हते, बंद करून ठेवली होती. तुम्हांला ‘जवळजवळ’ लिहिलं तेव्हा पेन अडखळलं होतं. मला वाटलं होतं, ती दोन बोटं फक्त मलाच माहीत आहेत.

हे संध्याकाळी आले तेव्हा मी गाडीतच होते. हे दुसऱ्या बाजूने आत येऊन बसले, यांचे गुडघे पुढे लागत नाहीत, तेवढे बरे दिसतात त्या सीटवर. मी किल्ली फिरवली. वाळूच्या मैदानात दोन फेऱ्या मारल्या. इंजिनाचा आवाज मला सहन होत नाही असं मला वाटलं होतं. अजूनही होत नाही. तरी तिसरी फेरी मारली. हे खिडकीबाहेर बघत रडत होते आणि मी समोर बघत, कारण चालवणाऱ्याने समोर बघायचं असतं.

मी राहीन असं म्हणत नाही. ईस्टरपर्यंत आहे असं सांगितलंय. त्याच्या वर्षाच्या मिस्साला दोघं येऊ.

तुम्ही कबरीवर जाता ना?

अ‍ॅग्नेस

*

भुईगाव
६ मार्च १९९८

बाय अ‍ॅग्नेस,

तुझं पत्र पोस्टमनच्या समोर वाचलं आणि त्याच्या समोरच रडले, तो बिचारा सायकल धरून उभा. त्याला केळी दिली.

रोज जाते कबरीवर. मोगरा वाहते. काल त्याला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, शॉर्टीचं दोनदा. गुरवीण बाई वाटेवरून जात होती, तिला वाटलं म्हातारी बावचळली. वाटू दे.

इथे सगळं ठीक. कोंबडीने तेरा पिल्लं काढली, बारा जगली. विमानातला तो मल्याळी कधी भेटला तर सांग म्हणावं, सुकेळी वाळत घातली आहे, कुणी येणारा असला तर पाठवते. पण हे सगळं राहू दे. घाईने लिहायचं कारण वेगळं.

मी निघताना बर्नार्ड मला म्हणाला होता, आता टपाला आतून रेक्झिन लावणार, आणि हमदुल्लाच्या ओळखीचा सीटवाला आत जाड फोम भरून देतो, म्हणजे डोक्याला मऊ. तेव्हा मीच म्हटलं होतं, भर रे, ती चुकलेली जागा तरी भरून निघेल.

बाय, पत्र मिळताच त्याला सांग. रेक्झिन लावायचं तर लाव म्हणावं, पण पत्र्याला चिकटून, पातळ. फोम नको. पोर ताठ बसलाय, त्याचं डोकं लागता कामा नये.

तुझी सासू,
इसबेल